डोकं फ्रेमच्या बाहेर

ऑनलाइन शिक्षणात कोणी मोठं नसतं, कोणी लहान नसतं. जात नसते, गाव नसतं, आडनाव नसतं. पडद्यावर सगळ्यांच्या वाट्याला सारखाच चौकोन येतो.

हे विचार माझे नाहीत. आमच्या हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांचे आहेत. अकॅडमीच्या उद्घाटनाच्या भाषणात ते असं म्हणाले. तेव्हा त्यांचा स्वतःचा चौकोन अर्ध्या पडद्याएवढा होता आणि त्याला झेंडूची माळ होती. मॅनेजरने ती लॅपटॉपलाच घातली होती. एक फूल सारखं कॅमेऱ्यावर येत होतं. डॉक्टर समतेवर बोलता बोलता ते बाजूला सारत होते.

माझ्या चौकोनाचं जे झालं ते या भाषणाच्या थोडं आधी झालं.

मी नगरजवळच्या भिंगारमधल्या माझ्या भाड्याच्या खोलीत बसले होते. शिलाई मशीनवर लॅपटॉप, समोर प्लास्टिकची खुर्ची. वर इस्त्रीचा आखूड कुर्ता, खाली घरातली जुनी सलवार. सलवारीच्या मांडीवर हळदीचा डाग. ऑनलाइन शिकवणाऱ्या सगळ्यांचा हाच गणवेश असतो, कोणी सांगत नाही एवढंच. पडद्यावर माझ्या वर्गाच्या मुली जमल्या होत्या. नेवासा, शेवगाव, पाथर्डी, जामखेड. सगळ्या नर्सिंगच्या. मेडिकलच्या पहिल्या वर्षाची दोन मुलंही होती. ती नेहमी 'गेस्ट' असं नाव टाकून यायची. नर्सकडून शिकतो हे कोणाला कळू नये म्हणून. माझं काही म्हणणं नव्हतं. शिकत होती.

एवढ्यात मोठ्या डॉक्टरांचा चौकोन उघडला. "नमस्कार," ते म्हणाले.

आणि मी उभी राहिले.

माझ्याच खोलीत. माझ्याच खुर्चीतून. ताडकन.

कॅमेरा होता तिथेच राहिला. पडद्यावर माझ्या जागी एक कुर्ता दिसत होता, त्याखाली सलवार, सलवारीवर हळद. मान आणि त्यावरचं सगळं वर कुठेतरी गेलं होतं.

"अहो सिस्टर, डोकं गेलं की तुमचं फ्रेमच्या बाहेर!" डॉक्टर म्हणाले. मग हसले. "राहू द्या, राहू द्या. सिस्टरच्या कामाला हात पुरतात."

ते हसले म्हणून मॅनेजर हसला. मॅनेजर हसला म्हणून डॉक्टरांचा पुतण्या हसला. मुलींचे माईक बंद होते. तोंडं दिसत होती.

"बसा आता," डॉक्टर म्हणाले.

मग मी बसले. ते बसा म्हणेपर्यंत बसले नाही, हे नंतर आठवलं. हसण्यापेक्षा ते जास्त लागलं.

नर्सिंग कॉलेजात आम्हाला नाडी कशी बघायची ते बऱ्याच दिवसांनी शिकवलं. उभं कसं राहायचं ते पहिल्याच दिवशी. डॉक्टर वॉर्डात आले की हातातलं ठेवायचं आणि उठायचं. लिहीत असाल तर पेन खाली. चहा घेत असाल तर कप खाली. एकदा मी एका म्हाताऱ्या बाईची नाडी मोजत होते आणि डॉक्टर आले. उठले. आकडा गेला. डॉक्टर गेल्यावर पुन्हा मोजायला हवी होती, पण ते राऊंडला पुढे निघाले होते आणि मला मागे मागे जायचं होतं. आकडा अंदाजाने लिहिला. आम्ही सगळ्याच लिहायचो. शिस्त म्हणून आमची पाठ थोपटली जायची.

या शिस्तीत मी शिकले, नोकरीला लागले. नर्सिंगची पुस्तकं इंग्रजीत. मराठी शाळेतून आलेल्या मुली ती पाठ करतात. कळत नाही म्हणून पाठ करतात, आणि पाठ आहे म्हणून कोणाला कळत नाही की त्यांना कळलेलं नाही. मी तशीच होते. म्हणून दुपारी ड्युटी सुटली की मी ऑनलाइन वर्ग घेऊ लागले. मराठीत. पेशंटचं शरीर थंड का पडतं, अंथरुणाला खिळलेल्याला बेडसोरची जखम कुठे आधी होते, सलाईन लावताना शीर का पळते. उशीला पेशंट करून दाखवायचे. एका मुलीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिच्या कॉलेजला. वर्ग भरला.

भरला तेव्हा मोठ्या डॉक्टरांना दिसला. नर्सिंग कॉलेज त्यांच्याच ट्रस्टचं. माझ्या निम्म्या मुली तिथल्या. अकॅडमी काढायचं ठरलं. माझ्या वर्गाचीच अकॅडमी.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी केबिनला बोलावलं. टेबलाच्या अलीकडे दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी उभी होते.

"सिस्टर, शिकवता तुम्ही छान. पण पालकांना चेहरा डॉक्टरचा लागतो. फोटो आपल्या पुतण्याचा टाकू. तुम्ही मागून बोला, कॅमेरा बंद ठेवून."

"सर, आवाज बाईचा येईल."

"सवय होते लोकांना." मग जरा आवाज खाली आणून, अगदी मायेने, "आणि बॅनरवर तुमचं आडनाव नको. तुमच्याच भल्यासाठी सांगतो. लोक आडनाव वाचतात."

माझं आडनाव वाचलं की आमची वस्ती गावाच्या कुठल्या बाजूला आहे ते कळतं. त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी मला नोकरीवर ठेवलं होतं, हे ते अधूनमधून चारचौघांत सांगायचे.

रात्रपाळीला पेशंट सलाईन लावून घेताना माझं आडनाव विचारत नाही, असं उत्तर मला सुचलं. पण ते घरी, भांडी घासताना. केबिनमध्ये मी म्हटलं, "हो सर."

बाप आमचा घोडेगावच्या बाजारात जनावरं टेम्पोत चढवायचं-उतरवायचं काम करतो. त्याला फोनवर सगळं सांगितलं. डोकं फ्रेमच्या बाहेर गेलं तेही सांगितलं. मला वाटलं हसेल.

तो म्हणाला, "बाजारात जनावर उभं केलं ना बाई, की गिऱ्हाईक आदी तोंड उघडून दात बघतंय. जनावराचं बी तोंड बघत्यात. तुजं न्हाई बघितलं व्हय?"

"नाही."

"मग लई शिकलीस तू," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तरी मी शिकवलं. पुतण्याच्या फोटोमागून. फोटोत त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप आणि मागे पुस्तकांचं कपाट होतं. कपाट भिंतीवर चिकटवलेलं चित्र होतं, मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन पाहिलंय. मॅनेजरने मुलींना सूचना दिली, वर्गात 'सर' म्हणायचं. मुलींनी ऐकलं. तस्लिम नावाची एक नगरचीच मुलगी होती, वडील गॅरेजवाले, जिभेला हाड नाही. तिने लिहिलं, "गुड आफ्टरनून सर. मॅडम, आवाज बसलाय का तुमचा? आल्याचा चहा घ्या सर."

मी कॅमेऱ्यामागे हसले. तेवढंच ते त्या महिन्यातलं हसू.

मी स्वतःला सांगत होते, वर्ग चाललाय ना. मुली शिकतायत ना. नाव कोणाचं का असेना. हे वाक्य ऐकायला फार थोर वाटतं. ज्यांचं नाव पुसलं जातं त्यांच्याच तोंडून ते ऐकू येतं, एवढीच त्यात अडचण आहे.

मग पाहणीचा दिवस आला. ट्रस्टचे पाहुणे येणार होते, त्यांना अकॅडमी दाखवायची होती. मुलींना निरोप गेला, गणवेशात बसा, कॅमेरे चालू ठेवा. मला निरोप आला, तुमचा बंद ठेवा.

त्या दिवशी मी दम लागलेल्या पेशंटबद्दल सांगत होते. अशा पेशंटला आडवं झोपवायचं नाही. पाठीला उशा लावून बसवायचं, याला फाउलर पोझिशन म्हणतात. बसलं की छातीला जागा मिळते. मुली लिहून घेत होत्या. पाथर्डीच्या कोमलने विचारलं, "मॅडम, सॉरी, सर, पेशंट बसायलाच घाबरत असला तर?" मी सांगायला लागले, आणि मोठ्या डॉक्टरांचा चौकोन उघडला. मागे पाहुणे, हातात बशा.

"नमस्कार, मुलींनो."

सगळ्या मुली उभ्या राहिल्या.

माझ्या पडद्यावर चौकोनच चौकोन, आणि एकातही डोकं नाही. पांढरे गणवेश, खांद्यापासून कमरेपर्यंत. कोणाचा फोन डब्याला टेकवलेला, कोणाचा खिडकीत. एका चौकोनात गणवेशामागे पाळणा हलत होता, तो तेवढा हलत राहिला. तस्लिमसुद्धा उभी. तिची ओढणी दिसत होती. ती कायम बडबडणारी जीभ वर कुठेतरी होती.

पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "वा, काय शिस्त आहे!"

माझाही हात शिलाई मशीनवर टेकला होता. मी अर्धी उठले होते. कॅमेरा बंद, खोलीत कोणी नाही, आणि मी अर्धी उठलेली.

मी खाली बसले. हे लिहायला सोपं आहे. तेव्हा गुडघे ऐकत नव्हते.

मग कॅमेरा चालू केला.

"बसा गं सगळ्या," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पडद्यावर इकडेतिकडे पाहिलं. "कोण बोललं?"

"मी, सर. वर्ग माझा आहे."

"सिस्टर, कॅमेरा बंद करा. पाहुणे आहेत."

"सर, मुली उभ्या राहिल्या की त्यांची डोकी दिसत नाहीत. मला हातांना नाही, डोक्यांना शिकवायचंय."

कोणी हसलं नाही. मॅनेजरला हसायचं की नाही ते कळत नव्हतं, कारण डॉक्टर हसले नव्हते. पाहुण्यांतला एक जण बशीतला बिस्किटाचा तुकडा शोधू लागला.

माझ्या चौकोनाखाली पुतण्याचं नाव होतं. ते पुसलं. माझं नाव टाकलं, बापाचं नाव टाकलं आणि शेवटी आडनाव, पूर्ण. एक अक्षर दोनदा पडलं. तेही दुरुस्त केलं. सगळे बघत होते.

आधी तस्लिमचा चेहरा खाली आला. मग एकेक. कोमल सगळ्यात शेवटी बसली, पण बसली.

"कोमल, पेशंट घाबरला तर त्याचा हात धरायचा आणि..." मी एवढंच बोलले. पडद्यावर सूचना आली की मला या वर्गातून काढण्यात आलं आहे. सूचना शुद्ध मराठीत होती आणि तिने मला 'तुम्ही' म्हटलं होतं. त्या हॉस्पिटलमध्ये माझ्याशी एवढं अदबीने फारसं कोणी बोललं नव्हतं.

पुढचं लवकर झालं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने गेटवरच सांगितलं, तुमची गरज नाही. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, आम्हा दोघांना माहीत होतं. ओळखीच्या दोन हॉस्पिटलांत गेले. तिथे मी पोचायच्या आधी माझी कीर्ती पोचली होती. शेवटी शेवगाव रोडला एका लहान दवाखान्यात काम मिळालं. तिथले डॉक्टर स्वतःच फरशी पुसताना दिसले, म्हणून विचारायची हिंमत झाली.

दुपारचा वर्ग मी पुन्हा स्वतःच सुरू केला. सगळ्या मुली माझ्याकडे परत आल्या, असं मला इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. आल्या नाहीत. ट्रस्टच्या कॉलेजच्या मुलींचे प्रॅक्टिकलचे मार्क ट्रस्टच्या हातात असतात. कोमलने निरोप पाठवला, मॅडम, घरचे नको म्हणतात. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. खरं तर केलंच होतं, केबिनमध्ये. 'गेस्ट' मात्र येतात, दोघंही. अजून नाव टाकत नाहीत. त्यांचं त्यांना सुचेल.

तस्लिम येते. आईच्या फोनवरून येते, त्यामुळे मध्येच तिच्या मावशीचा फोन येतो आणि वर्ग थांबतो. मावशीला आता फाउलर पोझिशन माहीत आहे.

बापाला सांगितलं, नोकरी गेली. तो म्हणाला, "दात दावलेस ना?" म्हटलं, दावले. "मग ठीक हाय," म्हणाला. पण त्याचा आवाज ठीक नव्हता. घरात माझाच पगार नेमाने यायचा.

आता नवी मुलगी वर्गात आली की नाडी शिकवायच्या आधी मी तिला एक सांगते. नाडी मोजत असताना कोणीही आलं, डॉक्टर, डीन, मंत्री, कोणीही, तरी बोट उचलायचं नाही. बसून मोजत असशील तर बसून मोज. आकडा पूर्ण कर. मग मान वर करून बघ कोण आलंय. कोणी ओरडलं तर माझं नाव सांग. पूर्ण सांग, आडनावासकट.

मी स्वतः पेशंटसाठी उठते. पेशंट पडत असेल तर धावते. माणूस मोठा आहे म्हणून उठणार नाही. पुन्हा कधीच नाही. नोकरी पुन्हा गेली तरी नाही. गुडघ्यांना हे शिकवायला वेळ लागतोय. अजूनही दार वाजलं की ते आधी निघतात.

परवा तस्लिमने मोठ्या डॉक्टरांच्या अकॅडमीचं पान उघडून दाखवलं. तिथे पुतण्याचा फोटो आहे, पुस्तकांचं कपाट आहे. व्हिडिओ एकच आहे, उद्घाटनाचा. त्यात मी आहे, गळ्यापर्यंत.