मास्तर आणि आकाशातला दगड

कोणी काही अचाट सांगू लागलं की मास्तर चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाला पुसायचे आणि विचारायचे, "बरं. पण ते ढकलायचं कशानं?" तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, गप्पांचा रंग घालवणारा.

सरस्वतीपुरमात आम्ही शेजारी. ते पुण्याकडचे, कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले, मुलाच्या नोकरीमागे म्हैसूरला आलेले. आम्ही इथले जुने मराठे. मी सिटी बस चालवली, शाळा नावापुरती. माझं मराठी ऐकून ते हसायचे, त्यांचं कन्नड ऐकून भाजीवाली हसायची.

माझ्या बायकोच्या किडन्या गेल्या होत्या. डायलिसिसवर होती. त्यात तिने मोबाइलवर बघितलं की शत्रू आता आकाशातला मोठा दगड वळवून आपल्यावर पाडणार. रिक्षा दारात उभी, आणि ही कन्नडात म्हणते, "साकु," म्हणजे पुरे झालं. "सगळेच मरणार, मग सुया कशाला टोचून घेऊ?" मी ओरडलो. ओरडून ती कधीच ऐकत नसे. मग मास्तरांना बोलावलं.

ते स्टूल ओढून बसले. चष्मा पुसला.

"वहिनी, यांची बस बंद पडली की ढकलायला किती माणसं लागायची? आणि हा दगड चामुंडीच्या डोंगराएवढा. ढकलायचा कशानं? ढकलला तरी पोचायला कित्येक वर्षं. नेम जरा चुकला तर टाकणाऱ्याच्याच डोक्यावर. तोवर भांडण कशावरून होतं तेही विसरतील."

"वर्षं लागतात? मग माझ्या आधी नाही यायचा तो."

"माझ्याही आधी नाही."

ती हसली. मग हळूच विचारलं, "आणि आपोआप आला तर?"

मास्तरांनी चष्मा पुन्हा पुसला. त्यांना खोटं बोलता येत नसे. "तसा येऊ शकतो. क्वचित. पण तो कुणाच्या रागाने येत नाही, वहिनी."

तिला हेच ऐकायचं होतं, हे मला तेव्हा कळलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नागाचा दगड होता. ती रोज त्याच्यापुढे दिवा लावायची. रस्त्यासाठी तो काढून नेला, तेव्हा ही दारात उभी राहून बघत राहिली, अडवलं नाही. नंतर आजारी पडली. नाग कोपला, असं तिने मनात धरलं होतं. मला कधी बोलली नाही.

चप्पल घातली आणि रिक्षात जाऊन बसली.

पुढच्या वर्षी गेली. दगड नाही, काही नाही. नुसतं शरीर थकलं.

तिच्या तेराव्याला जमलेल्या पाहुण्यांत तिची थोरली बहीण म्हणाली, नागाचंच हे. मी मान खाली घालून बसलो होतो. मास्तर कोपऱ्यातून उठले. चारचौघांत कधी आवाज न चढवणारा माणूस. म्हणाले, "नाही. कुणाचाही राग नव्हता तिच्यावर."

मागच्या उन्हाळ्यात तेही गेले, झोपेतच. मुलगा घर सोडून पुण्याला परतला. मेव्हणी अजून येते, अजून नागाचंच काढते. आता उत्तर मलाच द्यावं लागतं. देतो. पण माझ्या तोंडून ते भांडणासारखं निघतं.