यापुढे एकही घर नको

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमधली आमची गल्ली इतकी नवी होती, की इंटरनेटवरून नकाशा प्रिंट केला तर त्यात ती दिसायचीच नाही. तिथल्या कोपऱ्यावरच्या काकांचा नवीन घरं बांधायला ठाम विरोध होता.

काउंटीचा विकास आराखडा मंजुरीला आला, तेव्हा प्रत्येक हिअरिंगला काका टाय लावून जायचे. बोलायला तीन मिनिटं मिळत. काका सोसायटीच्या वार्षिक सभेसारखे आधी सगळ्यांचे आभार मानायचे, मग पुण्याचं काय झालं ते सांगायचे. मुद्द्यावर येईतो वेळ संपायचा.

आराखडा मंजूर झाला. आमच्या मागच्या शेतात घरं आली. काका बिल्डरला रोज शिव्या घालायचे.

मग तिथे सामानाचा पहिला ट्रक लागला. बघतो तर काका पोह्यांचं पातेलं आणि चहाचा थर्मास घेऊन निघालेले. आम्ही राहायला आलो तेव्हाही ते असेच आले होते.

"नागपूरचे का? अरे वा! पोटभर खा. आणि पुढच्या हिअरिंगला यायचं हं. यापुढे एकही घर नको."

नव्या माणसाने पोहे खाता खाता शेजारच्या रिकाम्या प्लॉटकडे पाहिलं.

"खरंय काका," तो म्हणाला, "फारच गर्दी झालीय इथे."