रुपराव मिस्त्रींचा बिनखिळ्यांचा पलंग

पडदा वर जातो. समोर एकच खोली आहे, गांधीबागेतल्या एका कापडवाल्याच्या गोदामामागची. उजवीकडे चूल, डावीकडे भिंतीला टेकवलेली लाल कापडात बांधलेली लाकडाची मोळी. मधोमध सतरंजी, आणि तिच्यावर उकिडवा बसून काचेच्या तुकड्यानं बांबूची खुंटी तासणारा एक माणूस. उजेड काय तो वरच्या झरोक्यातून येतो आहे, दुपारी तीनचा. बाहेर हातगाड्यांवर कापडाचे गठ्ठे चढताहेत, हमाल एकमेकांना हाका मारताहेत. या माणसाला हाक मारणारं तिथे कुणी नाही. आयुष्यभर खुर्च्या-पलंग बनवले, पण पाहुणा आला तर त्याला बसायला द्यायचं ते याच सतरंजीचं दुसरं टोक.

हे रुपराव मिस्त्री. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एकसष्ट साली, आमच्या नाटक कंपनीत. त्याआधी ते काटोलला संत्र्याच्या पेट्या ठोकायचे. सालईचं हलकं लाकूड, चार खिळे, की पेटी तयार. कंपनीचे मालक वामनराव यांनी त्यांना आणलं ते खिळे ठोकण्यासाठीच.

तेव्हाची आमची पद्धत अशी, की प्रवेश बदलायचा झाला की पडदा पाडायचा, पडद्यापुढे एका गायकाला उभं करायचं, आणि त्याचं पद संपेपर्यंत मागे झोपडीचा दिवाणखाना करून टाकायचा. पुढे आलाप आणि मागे हातोडे! उमरेडला एकदा गायकाने डोळे मिटून तान घेतली आणि मागून असा धडाका सुरू झाला की पहिल्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, "आधी घर बांधून घ्या गा, मंग गाणं म्हना!" सगळा तंबू हसला. वामनरावांनी सगळा राग मिस्त्रींवर काढला.

मिस्त्री काटोलला निघून गेले आणि आठ दिवसांनी काखेत उसाच्या मोळीसारखी एक मोळी घेऊन परत आले.

"हे काय आणलं?" वामनरावांनी विचारलं.

"दिवाणखाना," मिस्त्री म्हणाले.

आणि खरंच त्या मोळीतून दोन खुर्च्या आणि एक टेबल निघालं. हातोडा नाही, खिळा नाही. सालईच्या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसायच्या, बांबूची खुंटी अंगठ्यानं आत जायची, आणि वरून निवारीची जाड सुती पट्टी ताणली की झालं. अंधारात नुसत्या बोटांनी कळावं म्हणून डाव्या पायाला एक खाच, उजव्याला दोन. आवाज म्हणाल तर कपड्याची घडी घातल्याइतका.

मला बसून बघायला सांगितलं. मी घाबरले. "मिस्त्री, पडले तर?"

"पडले तं सीन विनोदी होईन. बसा." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "जितकं वजन, तितका जोड घट्ट होते. तुम्ही तं बिनधास्त बसा, बाई."

माझं वजन तेव्हाही बेताचं नव्हतं. सगळे हसले. पण ते खरं बोलत होते. बसणाऱ्याच्या भारानं निवार खाली ओढली जायची आणि निवार खुंट्या आवळून धरायची. कुणी न बसता नुसतं ठेवलं, तर आठवडाभरात सैल पडायचं. पुढे सतरा वर्षं मी त्या खुर्च्यांवर राणी म्हणून बसले, विधवा म्हणून बसले, सासू म्हणून बसले. एकदाही पडले नाही.

मिस्त्रींची बायको लवकर गेली होती. देवकी म्हणून एकुलती मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. कंपनी गावोगाव फिरणार, पोरीला कुठे ठेवायचं? म्हणून काटोलला बहीण तुळसाबाई होती, तिच्याकडे ठेवली. पावसाळ्यात कंपनी बंद असली की मिस्त्री एस.टी.नं तिकडे जायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. देवकीने बापाकडे पाहिलं आणि ती आत्याच्या लुगड्यामागे गेली. तिच्याशी काय बोलावं हे मिस्त्रींना सुचेना. त्यांनी पिशवीतून चार काड्या काढल्या आणि अंगणात तिच्यासाठी एवढासा पाट जोडून दाखवला. ती हळूच पुढे आली आणि त्याच्यावर बसली. परतीच्या वाटेवर मिस्त्री मला तीन वेळा म्हणाले, "बसली ना?"

बहात्तरच्या उन्हाळ्यात देवकीचं लग्न ठरलं. जावई रेल्वेत, दर दोन-तीन वर्षांनी बदली. आंदण काय द्यायचं हे मिस्त्रींनी कुणालाच विचारलं नाही. वर्षभर त्यांनी एक पलंग केला. एकट्या बाईला उचलून नेता यावा असा, कुठल्याही क्वार्टरच्या दारातून आत जावा असा, आणि नव्या गावी गेल्यावर चहा उकळेपर्यंत उभा राहावा असा. देवकीला आयुष्यभर पुरेल असं बापाजवळ जे होतं, ते सगळं त्या पलंगात होतं.

कंपनीतले आम्ही अकराजण काटोलला गेलो. मांडवात आंदण मांडलं होतं. मिस्त्रींनी सगळ्यांसमोर लाल कापड सोडलं, आणि दोन्हीकडची मंडळी पाहत असताना एक शब्द न बोलता पलंग उभा केला. पहिली टाळी मी वाजवली. हे मला लिहिलंच पाहिजे. मग आमच्या मंडळींनी, जन्माची सवय, एकसुरात आरोळी दिली, "वन्स मोअर!"

बारा वर्षं तो माणूस पडद्यामागे होता. त्याला कुणी कधी वन्स मोअर दिला नव्हता. त्यांचा चेहरा असा उजळला, की काय सांगू! त्यांनी वाकून नमस्कार केला, खुंट्या ओढल्या, आणि नवरीचा पलंग भर मांडवात सपाट जमिनीवर पडला.

बायकांची कुजबुज थांबली. नवऱ्याचे काका मनोहरराव पुढे आले.

"पोरीचा पलंग मांडवातच मोडला काहून, मिस्त्री?"

"मोडला नाई जी, उकलला. आता पाहा, पुन्हा..." मिस्त्री अजून हसत होते.

"आम्हाले पुन्हा नाई पाह्यचं." मनोहररावांनी एक पट्टी दोन बोटांनी उचलली आणि खाली टाकली. "नाटकातलं नाटकात ठेवा. संसाराले वजन लागते."

संध्याकाळच्या आत बाजारातून सागवानी पलंग आला. चार माणसांनी कण्हत-कुथत ट्रकवर चढवला. देवकी मान खाली घालून बसली होती. तिनं ती शेवटपर्यंत वर केली नाही. मिस्त्रींनी आपली मोळी बांधून एस.टी.च्या टपावर टाकली.

परतताना मी म्हणाले, "मिस्त्री, चूक आमची झाली."

"टाळी चांगली होती, बाई," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

देवकी बापाच्या गांधीबागेतल्या खोलीवर एकदाच आली, दुसऱ्या वर्षी. ती येणार म्हणून मिस्त्रींनी पलंग उभा करून ठेवला होता. मी फराळाचा डबा घेऊन गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं.

"बस वं, देवकी."

"बाबा, सासरी अजून हासतात त्या पलंगाले. मले नका म्हनू."

चहा तिनं चुलीपाशी उभ्यानंच घेतला. निघताना बापाचा चेहरा पाहून म्हणाली, "पुढच्या बारीले बसीन."

पुढची बारी आली नाही. भुसावळ, मग इटारसी, मग बिलासपूर. पोस्टकार्डं यायची. 'दिवाळीत येतो', 'पोरांच्या सुट्टीत येतो'. दर कार्डाला मिस्त्री पलंग उभा करायचे, चार-आठ दिवस वाट पाहायचे, आणि निवार सैल पडली की उकलून पुन्हा लाल कापडात बांधायचे. अठ्ठ्याहत्तरला कंपनी बंद पडली. मिस्त्री गांधीबागेतल्या दुकानांना साड्या मांडायचे घडीचे स्टँड करून देऊ लागले. धरमपेठेतल्या एका फर्निचरवाल्याने तो पलंग पाहिला आणि असेच दहा करा म्हणून मागे लागला. मिस्त्री म्हणाले, "करतो." पण केला एकही नाही.

"निदान तुम्ही तरी झोपा त्याच्यावर," मी एकदा चिडून म्हणाले. "फरशी गार आहे."

"मी काहून? तिचं हाय ते."

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत त्यांच्या छातीत पाणी झालं. मी देवकीला तार केली. उद्या दुपारच्या गाडीने पोचते, असं उत्तर आलं. ते वाचून दाखवल्यावर मिस्त्रींनी मोळीकडे बोट केलं. त्यांना उठता येत नव्हतं. मी जन्मभर त्यांच्या खुर्च्यांवर बसले, पण एकही कधी जोडली नव्हती. ते सतरंजीवरून सांगत गेले, "खालची खुंटी पहिले. तशी नाई. उलटी. हात नाटकातला हाय तुमचा, बाई." चहा काय, दोन वेळचा स्वयंपाक झाला असता एवढा वेळ मला लागला. पण पलंग उभा राहिला.

देवकी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मिस्त्री पहाटेच गेले होते. ती धावत आत आली आणि बापाजवळ जमिनीवर बसली, ती त्यांना उचलून नेईपर्यंत तिथेच. पलंग तिच्या पाठीमागे होता. तिला बस म्हणायचा हक्क माझा नव्हता.

आदल्या दिवशी शेवटची खुंटी बसली तेव्हा माझी कंबर भरून आली होती. पलंग जवळच होता. मी नकळत टेकणार, तोच मिस्त्रींनी सतरंजीवरून हात वर केला. तेव्हा जे म्हणाले, त्यानंतर ते कुणाशी बोलले नाहीत.

"तुम्ही नका बसू, बाई. देवकी येऊन राहिली."