बाबांच्या मॅडम

माझे बाबा नोकरी सोडणार होते. कारण त्यांना हत्ती व्हायचं नव्हतं.

हसू नका. आमच्या घरात तेव्हा कुणीच हसत नव्हतं.

बाबा चिखली तालुक्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक. अख्खी नोकरी सातवीला गणित शिकवण्यात गेली. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना शाळेची पटसंख्या घसरली, वरचे वर्ग बंद झाले आणि बाबांना दुसऱ्या गावी पाठवलं. तिथे मिळाला पहिलीचा वर्ग.

सहा वर्षांच्या मुलांना कसं शिकवतात, हे त्यांना माहीत नव्हतं. या वयात कुणाला विचारायची लाज वाटायची.

मग प्रशिक्षण आलं. पहिल्याच दिवशी ट्रेनरने सगळ्यांना उभं केलं. नाकापुढे हाताची सोंड धरायची, डुलत डुलत बालगीत म्हणायचं.

चष्मेवाले, बीपीच्या गोळ्या घेणारे, नातवंडं असलेले हत्ती.

बाबा घरी आले आणि खुर्चीत बसून राहिले.

"मी व्हीआरएस घेऊन राह्यलो."

"काऊन?" आईने विचारलं.

"मले नाई होता येत हत्ती."

"मंग घरी बसून काय करसान? मले पाढे शिकवसान?"

टोमणा मारला खरा, पण दुसऱ्या दिवशी तिने मला फोन केला. "त्याईले समजाव. आपल्याले काही येत नाई असं समजून बाहेर पडले तं खचून जातीन."

मी तेव्हा शहरात एका पेपरात बातमीदार होतो. सुट्टी काढून घरी गेलो, बाबांशी बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "हं" म्हणाले. बाबांचं "हं" म्हणजे विषय संपला.

तो विषय पुन्हा उघडला खरात मॅडमनी.

त्या आज सकाळी गेल्या. सहा महिने आजारी होत्या.

मॅडम स्वतः शाळेत शिकवायच्या आणि आसपासच्या गावांतल्या शिक्षकांची प्रशिक्षणं घ्यायच्या. बाबांपेक्षा चांगल्या बारा-पंधरा वर्षांनी लहान. हत्तीवाल्या प्रशिक्षणानंतरच्या महिन्यातलं प्रशिक्षण त्यांच्याकडे होतं. व्हीआरएसचा अर्ज करायच्या आधी हे एक उरकून टाकू, म्हणून बाबा गेले.

पुष्पगुच्छ नाही, प्रास्ताविक नाही. खुर्च्या गोल मांडलेल्या. मॅडम त्यातल्याच एका खुर्चीत.

"उद्या सकाळी वर्गात गेल्यावर तुम्हाले काय अडणार आहे?" त्यांनी विचारलं.

मग त्या नुसत्या थांबल्या.

शेवटी बाबाच म्हणाले, "मॅडम, मले पहिली शिकवताच येत नाई."

"गुरुजी, आता शिकून काय करता?" शेजारचे एक सर म्हणाले. "तीन वर्षं तं राह्यली." सगळे हसले.

मॅडम हसल्या नाहीत. "सर, सातवीतल्या पोराचं गणित चुकलं तं तुम्ही काय करत होते?"

"उत्तर नाई पाहत मी. त्याले म्हणतो, माह्यासमोर कर, अन् बोलत बोलत कर. कुठं अडखळते ते कळते."

"मंग पहिलीच्या पोराले म्हणा, माह्यासमोर वाच, अन् बोट ठेवून वाच."

"एवढंच?"

"हाव. बाकीचं तुम्हाले येतेच."

हे शेवटचं वाक्य बाबा घरी आल्यावर आईला दोनदा सांगत होते.

त्यांनी करून पाहिलं. आणि चांगलंच फसलं.

एका मुलीचं बोट पहिल्या ओळीवर आणि तोंड चौथ्या ओळीवर. सगळं पान तिने पाठ करून ठेवलेलं. अक्षर एक ओळखत नव्हती. हळूहळू लक्षात आलं, अर्धा वर्ग तसाच.

पुढच्या भेटीत बाबांनी हे सांगितलं. पण या वेळी न लाजता. सातवीच्या गणितातली चूक सापडल्यावर ते बोलायचे तसं.

मॅडमनी उत्तर दिलं नाही. गोलाकडे वळून म्हणाल्या, "कोणाले असं झालं का?"

मागच्या वेळी टिंगल करणारे सरच म्हणाले, "मी तं वाक्य लिहितो अन् कैचीनं कापतो. शब्द हलवून देतो. मंग ओळखून लावा म्हणतो."

त्या महिन्यात आमच्या घरातल्या सगळ्या जुन्या लग्नपत्रिका, मागच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहून, कापल्या गेल्या. आई केर काढताना बडबडायची, "हे पाहा, पलंगाखाली 'कमळ' निघालं."

व्हीआरएसचं नाव पुन्हा निघालं नाही.

नंतर मी बातमीसाठी मॅडमना भेटलो. मोठ्या माणसांना शिकवायची तुमची पद्धत काय, असं विचारलं. मला एक चटकदार वाक्य हवं होतं, संध्याकाळपर्यंत बातमी लिहून द्यायची होती.

त्या म्हणाल्या, "मोठा माणूस रिकामा येत नाई हो. त्याच्याजवळ काय आहे ते आधी इचारा. अन् उद्या कामी पडन तेवढंच द्या. पद्धत-बिद्धत काही नाई, जेवून जा."

मी जेवून गेलो. बातमी आतल्या पानावर छोटी लागली, तरी त्यांनी फोन करून आभार मानले.

बाबा पूर्ण नोकरी करून निवृत्त झाले. पहिलीच्या वर्गातून. त्यांच्या हातची पोरं आता कॉलेजात आहेत.

आज दुपारी बाबांना घेऊन स्मशानभूमीत गेलो. बरेच शिक्षक आले होते. अधिकारी बोलले, सहकारी बोलले. मग बाबा पुढे झाले. ते बोलतील असं मलाही वाटलं नव्हतं.

"मी मॅडमचा विद्यार्थी," ते म्हणाले. हात जोडले आणि मागे आले.

बाहेर पडताना एक तरुण शिक्षक सोबत चालू लागला. "काका, तुम्ही तं मॅडमपेक्षा मोठे दिसता. त्यांच्याकडं शिकायले कवा होते?"

बाबांनी डोळे पुसले.

"पंचावन्न वर्षांचा होतो तवा," ते म्हणाले.

मॅडम, आमच्या घरातल्या सगळ्यांचा तुम्हाला मनापासून शेवटचा नमस्कार.