भरलेलं फुलपात्र आणि हळदी रंगाची गाडी

पळणारी गाडी हळू चालवण्याची विद्या अख्ख्या जालना जिल्ह्यात कोणाला साधली असेल, तर ती एकट्या आमच्या थोरल्या साडूंना, हे मी कुठल्याही चौकात उभं राहून छातीठोकपणे सांगायला तयार आहे. त्यांची ती हळदी रंगाची, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी टर्बोवाली स्पोर्ट्स कार जुन्या जालन्याच्या गल्लीत ज्वारीच्या पोत्यांच्या हातगाडीमागे अर्धा अर्धा तास अडकलेली असते, आणि हे आत बसून प्रसन्न चेहऱ्याने गियरशी गप्पा मारत असतात. गाडी ऑटोमॅटिक. गियर तिचे तीच बदलते. पण साडूंचं ठाम मत असं, की आत कोणीतरी माणूस बसवलेला आहे. "हुशार हाय बिचारा, पण लई उतावळा," असं ते मला सांगतात आणि लगेच पुढे वाकून त्याला दटावतात, "थांब रे, दुसरा टाकू नको इतक्यात. म्होरं म्हातारी चाल्ली, दिसंना का?"

मुळात ते पुण्याला गेले होते जुना लेथ, म्हणजे लोखंड फिरवून तासायचं यंत्र, आणायला. एमआयडीसीत त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे, सळयांच्या मिलचे झिजलेले रोलर घासून नीट करून देण्याचं काम. लोखंडाचा आवाज ऐकून ते सांगतात, कुठे तडा आहे. तर पुण्यात त्यांनी म्हणे कोणाच्या तरी अंगणात ही गाडी चालू असताना ऐकली, नुसती ऐकली बरं का, आणि चौथ्या दिवशी लेथऐवजी गाडी घेऊन दारात हजर! अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, उंबऱ्यात येऊन म्हणाल्या, "लेथ कुठंय?" साडू म्हणाले, "हिच्यात बी सगळं फिरतंच की." अक्कांनी कपाळाला हात लावला, पण दुसऱ्याच दिवशी ताट सजवून गाडीची पूजाही केली. वाईट झालं ते त्या पूजेनंतरच.

पूजेचं ताट मांडीवर घेऊन अक्का देवळापर्यंत जाऊन यायला गाडीत बसल्या. साडूंचा डावा पाय तीस वर्षं जीप आणि ट्रॅक्टरचा क्लच दाबण्यात गेलेला. ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो, दोनच पायडल असतात, दोन्ही उजव्या पायाची, आणि ब्रेकचं पायडल चांगलं रुंद, हे त्यांच्या डोक्याला ठाऊक होतं, पायाला नव्हतं. चौकात समोरून रिक्षा आली, साडूंनी सवयीने क्लच म्हणून डावा पाय दाणकन दाबला, आणि तो बसला ब्रेकवर. गाडी जागच्या जागी गचकन थांबली. ताटातलं कुंकू, हळद, तांब्यातलं पाणी, सगळं अक्कांच्या तोंडावर आणि नव्या साडीवर. भर चौकात त्या खाली उतरल्या, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "भरलेल्या फुलपात्रातलं पाणी सांडणार न्हाई अशी चालवता येईल त्या दिवशी सांगा. तवर मी हिच्यात पाय ठेवायची न्हाई." आणि रिक्षाने घरी गेल्या. तीच रिक्षा, समोरून आलेली.

दुसरा कोणी असता तर गाडी विकून मोकळा झाला असता. साडूंनी ते वाक्य मनावर घेतलं. आधी डाव्या पायाचा बंदोबस्त. सुतळीने तो त्यांनी सीटच्या दांडीला बांधून टाकला. दोन दिवस उत्तम चाललं, तिसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर बांधलेला पाय विसरून उतरायला गेले आणि अर्धे बाहेर, अर्धे आत असे लोंबकळले. पंपावरची माणसं धावली तर हे उलटे पडून त्यांनाच सांगतायत, "आधी तेल टाका, मंग मला काढा." पुढे त्यांनी सुतळी सोडली आणि गाडीत बसताना डावी चप्पल काढून ठेवायला सुरुवात केली. "उघडा पाय शुद्धीवर राहतो," ते म्हणतात. त्यामुळे हा गृहस्थ कुठल्याही लग्नाला एकाच पायात चप्पल घालून उतरतो. लोकांना वाटतं, काही नवस आहे. एका अर्थी होताच.

मग गाडीवरचे प्रयोग सुरू झाले. संभाजीनगरहून त्यांनी एका जाणकाराला बोलावलं. अशा गाड्यांच्या इंजिनाला लॅपटॉप जोडून हे लोक त्यांची ताकद वाढवून देतात. त्याने वायर जोडली, बोटं मोडली आणि उत्साहाने विचारलं, "काका, किती वाढवू?" साडू म्हणाले, "कमी करा." तो बिचारा दोनदा "काय?" म्हणाला. टर्बो म्हणजे लोहाराचा भाता, हे मला साडूंनीच समजावलेलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराने एक पंखा फिरतो आणि तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. पण पंखा वेग घेईपर्यंत गाडी शांत, आणि एकदा का त्याने वेग घेतला की मागून लाथ बसल्यासारखी उसळी. जगातले लोक त्या उसळीसाठी पैसे मोजतात. साडूंना ती नको होती. "हळूहळू यायला पाहिजे तिला जोर, भाकरी फुगती तसा," असं त्या जाणकाराला सांगून त्यांनी त्याच्याकडून तीन वेळा सगळं बदलून घेतलं. आतल्या त्या उतावळ्या माणसालाही गियर बेमालूम टाकायला शिकवलं. डॅशबोर्डवर कणकेचा गोळा थापून त्यावर काठोकाठ भरलेलं फुलपात्र बसवायचं आणि निघायचं, ही त्यांची चाचणी. परत आले की वर्कशॉपची माणसं आधी त्यांची विजार बघत. ओली असली की त्या दिवशी कोणी सुट्टी मागत नसे.

आणखी एक खोड. लांबून गाडी आणली की ते लगेच बंद करत नाहीत. टर्बो तापलेला असतो, त्याला दोन मिनिटं नुसत्या चालू इंजिनावर निवू द्यावं लागतं. घड्याळ लावून दोन मिनिटं. आमच्या दारात ते आले, की मी पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर उभा आणि हे काचेआडून मला दोन बोटं दाखवतायत! मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो, पाहुणे आधी की गाडी आधी?" तर म्हणाले, "सर, पळून आलेल्याला जल्दी बसवू नये."

आणि हे सगळं चाललेलं असताना अक्का काय करत होत्या? वाटूरला त्यांचं आणि माझ्या बायकोचं माहेर. तिथे त्या काळीपिवळीने जात. चौदा माणसं कोंबलेल्या त्या जीपमध्ये खिडकीशी अक्का, आणि मागून त्याच वेगाने, पुढे न जाता, रिकामी स्पोर्ट्स कार. ही वरात मंठा रोडवर तीन वर्षं लोकांनी पाहिली. वाटूरच्या फाट्यावर चहाच्या टपरीवाले म्हणायचे, "आले जावाई, बायकुला पोचवायला!" मी साडूंना विचारलं, वाईट नाही वाटत? "वाटतं ना," ते लगेच म्हणाले. "बाजूची सीट रिकामी दिसली की गाडी चालवू वाटत न्हाई मला. पण तिनं म्हणलंय ते बराबर हाय. सांडलं होतं."

शेवटी गेल्या वर्षी वाटूरला मेहुण्याच्या शेतातल्या नव्या विहिरीला पाणी लागलं. पूजा थोरल्या लेकीच्या हातूनच व्हायची, म्हणून अक्का निघाल्या, नेहमीसारख्या काळीपिवळीने. मागे आम्ही. म्हणजे साडू पुढे, आणि मागची सीट म्हणवणाऱ्या फटीत मी, गाठोड्यासारखा. बायको आदल्या दिवशीच पुढे गेली होती. अर्ध्या वाटेत काळीपिवळी पंक्चर झाली आणि जादाचं चाकही बसलेलं निघालं. माणसं खाली उतरून बाभळीखाली उभी राहिली. मेहुण्याचा फोन, मुहूर्त टळून राह्यलाय, या लवकर. साडू एक पाय अनवाणी, तसेच उतरले, बाटलीतून फुलपात्र काठोकाठ भरलं आणि अक्कांपुढे धरलं. चौदा माणसं बघत होती. अक्का म्हणाल्या, "आणा, माझ्या हातात द्या," आणि फुलपात्र घेऊन बसल्या.

तो प्रवास मी विसरणार नाही. गाडीचा आवाज नाही, गियर कधी पडला ते कळत नाही, साडूंचा उघडा डावा पाय चटईवर चिकटून बसलेला. वाटूर दिसायला लागलं आणि एकाएकी एक शेळी रस्त्यात आली. त्यांनी उजव्या पायाने किती हळुवार ब्रेक लावला म्हणून सांगू! तरीही पाणी कलंडलंच. चांगलं घोटभर. अक्कांच्या मांडीवर साडी भिजली. साडूंची नजर रस्त्यावर होती, त्यांनी विचारलं, "सांडलं का?" मला मागून सगळं दिसत होतं. अक्कांनी पदर ओढून ओला भाग झाकला आणि म्हणाल्या, "न्हाई. बिलकुल न्हाई."

मेहुण्याच्या दारात गाडी थांबली. साडूंनी सवयीने घड्याळ लावलं. मी घाईने म्हणालो, "अक्का, मुहूर्त..." त्या म्हणाल्या, "थांबा की सर दोन मिनिटं, तिला निवू द्या."

आता रविवारी दोघं आमच्याकडे येतात. गाडी दारात थांबते आणि इंजिन चालूच राहतं. दोनाची पाच मिनिटं होतात, पाचाची दहा. कुठल्याही टर्बोला इतका वेळ लागत नाही, हे मलाही आता कळतं. त्यांच्या घरात दोन मुलं, सुना, नातवंडं, वर्कशॉपची माणसं. चाळीस वर्षांत दोघांना निवांत बोलायला जागा मिळाली नव्हती, ती या पिवळ्या गाडीत मिळाली. काचेआड अक्का काहीतरी सांगत असतात, साडू मान हलवत असतात, आणि आतला तो उतावळा माणूस गप्प बसलेला असतो. मी तांब्या घेऊन बाहेर जात नाही. बायको चहा पुन्हा उकळते.

परवा आम्ही वाटूरहून परतलो, आमच्या साध्या गाडीने. मी गाडी दारात लावून बंद केली आणि उतरायला दार उघडलं. बायको हलली नाही. म्हणाली, "बसा की दोन मिनिटं." मी म्हणालो, "अगं, आपल्या गाडीला टर्बो नाही."

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

मी दार ओढून घेतलं आणि गाडी पुन्हा चालू केली.