गोधडी, हनुवटी खाली!

आमच्या मामेसासऱ्यांइतका निर्जीव वस्तूंशी अदबीनं वागणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. माणसांशी मात्र ते कामापुरतंच बोलत. उभा जन्म त्यांनी पुसदला फोटो स्टुडिओ चालवला, तोही मुख्यतः लग्नाच्या मुलींच्या फोटोंवर. मोबाइल आले आणि स्टुडिओ बंद पडला, पण सवयी चालूच राहिल्या. आमच्याकडे राहायला आले ते कॅमेऱ्याचा स्टँड आणि एक कंगवा घेऊन. त्यांच्या टकलाकडे बघून मला कंगव्याचं कोडं पडलं होतं. तो गोधडीच्या कडेचे धागे विंचरण्याच्या कामी आला.

कापसानं त्या वर्षांत जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं. लोहारा गावाकडची, सरकी काढायची जिनिंग गिरणी बंद पडली, तिथली यांची नोकरी गेली, आणि मी गोधड्या शिवून ऑनलाइन विकायला लागले. ऑर्डरी येत, पण बऱ्याच गोधड्या परतही येत, कारण ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत जांभळी गोधडी चक्क निळी दिसे. असंच चाललं तर तुमचं दुकान बंद करू, असा त्या ऑनलाइन विक्रीच्या कंपनीचा निरोप आला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. घर त्या दुकानावरच चाललं होतं. मामाजी परत आलेल्या गोधडीवरून हात फिरवत बसले होते. "बिचारीले काहून नापसंत केलं असन?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून घरात त्यांचं राज्य सुरू झालं. फोटो फक्त सकाळी, दाराशी, ऊन आत यायच्या आधी. मागे धुतलेली पांढरी चादर, आणि सावली पडते त्या बाजूला उजेड परतवायला शेजारच्या लग्नातला थर्माकोल. मी एक दिवा विकत आणू का म्हटलं तर खवळले. "कायले? उजेड तं फुकट येऊन राह्यला!" त्या थर्माकोलच्या एका बाजूला वधूवरांची नावं होती. एकदा तो उलटा उभा राहिला आणि आमची गोधडी नवदांपत्यासकट विक्रीला लागली. फोटो काढताना पंखा बंद, घरातल्यांचं बोलणं बंद. गोधडीला सूचना मात्र अखंड चालू: "थोडी इकडे पाह्य. हनुवटी खाली. हां, घाबरू नोको." मला हसू आवरेना, तर माझ्यावरच डोळे वटारले. "तू कायले हासून राह्यली? लाजते ना ते!"

खरं वाजलं ते ठिगळावरून. एका गोधडीला माझ्या आईच्या लुगड्याचं विटकं ठिगळ होतं. मी ते खाली दुमडलं आणि फोनमध्ये रंग जरा उजळ केला. मामाजींनी स्टँड मिटला आणि पहिल्यांदाच लांबलचक बोलले. "पुसदले एका पोरीचा फोटो मी असाच उजळ केलता. पाहुणे फोटो पाहून आले, अन् पोरीले पाहून चहा न घेता उठून गेले. तिचा काय कसूर होता, सूनबाई? पोरगी चांगलीच होती. खोटा तं माहा फोटो होता." मग स्टँड पुन्हा उघडत म्हणाले, "ठिगळ समोर घे."

मी घेतलं. ती गोधडी सगळ्यांत आधी गेली आणि परत आली नाही. हळूहळू बाकीच्याही यायच्या थांबल्या, आणि कंपनीनं पुन्हा कधी दम दिला नाही. ठिगळवाली घेणाऱ्या कोल्हापूरच्या बाईंनी लिहिलं, गोधडी मायेची आहे, ठिगळ बघून आईची आठवण आली. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"अन् फोटोचं काय म्हन्ते?"

"काहीच नाही, मामाजी." मला वाटलं, हिरमुसतील.

ते मनापासून हसले. "मंग जमला फोटो. तिले गोधडीच दिसली."

पुढे त्यांच्या मुलानं त्यांना पुसदला परत नेलं. आता फोटो मीच काढते. दुकान टिकलं, घर टिकलं, ते त्यांच्यामुळे, हे मी भेटेल त्याला सांगते. त्यांनाच तेवढं सांगता येत नाही. फोनवर म्हटलं, "मामाजी, तुमच्यामुळे निभावलं हो सगळं," की पलीकडून आवाज येतो, "लेकरं जेवली का?" ऐकू कमी येतं म्हणून असं विचारतात, की नीट ऐकू येतं म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. मी आपली "जेवली, मामाजी, पोटभर जेवली," म्हणते आणि फोन ठेवते.