आठच जोडण्या

माझ्या मैत्रिणी एकेक करून सॉफ्टवेअर कंपन्यांत शिरत होत्या, तेव्हा मी कोथरूडमधल्या एका छोट्या ऑटोमेशन फर्ममध्ये लागले. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर. यंत्राचा आवाज नसलेलं काम त्यांच्या लेखी कामच नव्हतं, त्यामुळे घरी सगळे खूश.

माझं पहिलं स्वतंत्र काम शहराबाहेरच्या एका बिस्किट फॅक्टरीत होतं. तिथली भट्टी आणि पट्टा चालवणारा कंट्रोलर एका वेळी आठच यंत्रांशी बोलू शकायचा. मी कागदावर भट्टीजवळच्या स्क्रीनसकट सहा जोडण्या आखल्या, दोन राखीव ठेवल्या आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

पंधरवड्यात भट्टीवरच्या ऑपरेटरकाकांचा फोन आला. "मॅडम, तुमचा स्क्रीन रोज अकराला कोरा होतो. पंधरा मिनिटांनी परत येतो. आम्हाला तशी सवलत नाही."

स्वारगेटहून बस पकडून गेले. दोन दिवस केबल तपासल्या. सगळ्या ठणठणीत. तिसऱ्या दिवशी अकराला काकांच्या शेजारीच उभी राहिले. गोड बिस्किटं संपून खारी सुरू होणार होती, म्हणून त्यांनी स्क्रीनवरचं पान बदललं, आणि स्क्रीन कोरा! पान बदलताना स्क्रीन जुनी जोडणी सोडून नवी मागत होता आणि तेवढ्यात ती जागा दुसरंच कुणीतरी बळकावत होतं.

वही घेऊन ऑफिसात फिरले. मॅनेजरसाहेबांची केबिन, प्रयोगशाळा आणि स्टोअर, तिन्ही ठिकाणच्या कॉम्प्युटरवर माझंच सॉफ्टवेअर, मला न विचारता चढवलेलं! सव्वाअकराच्या मीटिंगआधी तिघेही एकदम आकडे बघायला बसत, प्रत्येकाची कंट्रोलरशी एकेक थेट जोडणी. माझ्या सहा आणि या तीन. झाल्या नऊ.

स्टोअरच्या बाईंना विचारलं, "तुम्हाला यात काय बघायचं असतं?"

"काही नाही. पण प्रयोगशाळेला मिळालं, मग आम्ही काय घोडं मारलंय?"

मग धीर करून केबिनमध्ये गेले. "साहेब, चूक माझी आहे. मी यंत्रं मोजली, कोणाकोणाला आकडे बघायचेत ते विचारलंच नाही. तुमची थेट जोडणी काढावी लागेल."

"मग मी काय भट्टीत डोकं घालून बघू?"

"नको, साहेब. एकच कॉम्प्युटर कंट्रोलरशी बोलेल. आकडे ज्यांना हवेत त्यांनी त्या कॉम्प्युटरकडून घ्यायचे."

"हे आधी नाही सुचलं?"

"नाही सुचलं."

"बरं, करा," ते म्हणाले आणि चक्क हसले.

दुसऱ्या दिवशी तशी जोडणी करून भट्टीपाशी आले. काकांनी पान बदललं. खाऱ्या बिस्किटांचं तापमान झर्रकन समोर आलं. त्यांनी आणखी दोनदा पान बदलून पाहिलं, मग पट्ट्यावरून एक बिस्किट उचलून माझ्या हातावर ठेवलं. भट्टीतून आलेलं बिस्किट मऊ असतं, हे मला तेव्हा कळलं. जीभ भाजली, तरी दुसरं मी मागूनच घेतलं.